डॉक्टरांकडच्या बाटल्यांसाठी एफडी मोडावी का?

गोव्यातल्या फोंड्याहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. वय ४९, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि थायरॉइडची गोळी रोज चालू. गुडघे दुखतात, केस गळतात, दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही. फॅमिली डॉक्टरांनी पाच सप्लिमेंट्स सुचवली. ती त्यांच्याच क्लिनिकमध्ये मिळतात, बाहेर फार्मसीत मिळत नाहीत. महिन्याचे ६,७०० रुपये होतात, वर्षाचे एकरकमी भरले तर ७२,०००. त्या लिहितात: "एफडीला सात टक्के मिळतात, इथे सूट दहा टक्क्यांच्या वर. म्हणून एफडी मोडून पैसे भरायचा विचार आहे. वर्षभर ५,००० रुपयांची मासिक एसआयपी (म्युच्युअल फंडातली गुंतवणूक) थांबवून एफडी परत उभी करू. घरात आम्ही चौघे, दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) आहे, तेव्हा मेडिक्लेमचा २४,००० रुपयांचा हप्ताही यंदा सोडावा म्हणते. मिस्टर कुंडईच्या कारखान्यात आहेत, निवृत्तीला आठ वर्षे उरली. आमचे बरोबर आहे ना?"

ताई, नमस्कार. एफडी मोडू नका, एसआयपी थांबवू नका आणि मेडिक्लेमचा हप्ता तर मुळीच सोडू नका. पाचपैकी एकही बाटली घेऊ नका, असे मात्र मी म्हणत नाही. त्यातली एखादी तुम्हाला खरेच लागत असेल. कोणती लागते ते रक्ततपासणी सांगेल आणि ती केवढ्याला घ्यावी ते लेबलाची मागची बाजू सांगेल. औषधोपचार हा माझा प्रांत नाही. तुमच्या पैशांत नेमके काय विकत येते, एवढेच मी बघतो.

आधी सूट बघू. महिना ६,७०० प्रमाणे वर्षाचे ८०,४०० होतात. तुम्ही ७२,००० भरणार, म्हणजे ८,४०० वाचले. पण ते कधी वाचतात? ७२,००० ला ६,७०० ने भागा, उत्तर पावणेअकराच्या आसपास येते. पाचही बाटल्या जवळजवळ अकरा महिने न चुकता संपवल्यात तर कुठे बरोबरी होते. सगळा फायदा शेवटच्या सव्वा महिन्यात आहे. एफडीचे व्याज रोजच्या रोज तुमचे होत जाते, या सुटीचे तसे नाही. समजा तिसऱ्या महिन्यात तपासणी केली, कमतरता भरून निघालेली दिसली आणि डॉक्टरच म्हणाले, आता बंद करा. किंवा पोटाला काही मानवले नाही. महिन्यामहिन्याने घेतले असते तर तोवर २०,१०० गेले असते. एकरकमी भरल्यावर आणखी ५१,९०० अडकून पडतात. ते परत मिळतील असे कुणी लिहून दिल्याचे तुमच्या पत्रात नाही. वर्षाचा साठा एकदम घरी आला तर आपल्याकडचा पावसाळा आहेच. आपल्या दमट हवेत उघडलेल्या बाटलीतल्या कॅप्सूल एकमेकींना चिकटतात आणि माशाचे तेल तर खवटही होऊ शकते. त्यामुळे माल कितीही उत्तम असला तरी वर्षाचे पॅकेज घेऊ नका. हा निर्णय घ्यायला रक्ताच्या रिपोर्टची वाट बघायचीही गरज नाही.

आता माल. लेबलांचे फोटो पाठवलेत ते फार बरे केलेत. ओमेगा-३च्या बाटलीवर पुढे ठळक अक्षरांत "फिश ऑइल १००० मि.ग्रॅ." आहे. ती तेलाची मात्रा झाली. ज्यासाठी हे तेल घ्यायचे ते ईपीए आणि डीएचए हे ओमेगा-३चे घटक मागे बारीक अक्षरांत आहेत: १८० आणि १२०. बेरीज ३००. उरलेले ७०० म्हणजे दुसरी चरबी. बाटली १,६५० ची, कॅप्सूल ६०, म्हणजे एक कॅप्सूल साडेसत्तावीस रुपयांना आणि कामाचे एक ग्रॅम ओमेगा-३ जवळजवळ ९२ रुपयांना पडते. कुठल्याही दोन बाटल्यांची तुलना करताना हाच आकडा काढा. पुढच्या बाजूचा "१०००" आणि छापील एमआरपी दोन्ही बाजूला ठेवा.

आणि घरात मासे खात असाल तर ही बाटली कशाला, असे मला मनापासून वाटते. अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोनदा मासे खायला सांगते, त्यातही तेलकट मासे. आपले बांगडे आणि तारले त्याच जातीचे. सोमवार-गुरुवार पाळूनही दोनदा हुमण (माशांची आमटी) सहज होते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत जरा ओढाताण होईल, तेवढीच.

कॅल्शियमच्या बाटलीतही तीच मेख आहे. लेबलावर "कॅल्शियम कार्बोनेट ५०० मि.ग्रॅ." लिहिले आहे. कार्बोनेटमध्ये कॅल्शियम असते ४० टक्के, म्हणजे तुमच्या गोळीत २०० मि.ग्रॅ. पोटात ५०० जायला हवे असेल तर कार्बोनेट १२५० लागते, आणि फार्मसीत त्या मात्रेच्या गोळ्या सर्रास मिळतात. तुमच्या ३० गोळ्या ९५० रुपयांच्या, म्हणजे २०० मि.ग्रॅ. कॅल्शियमला एकतीस-बत्तीस रुपये. नाचण्याच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असते, हे सहज लक्षात असू द्या. पैशांशी संबंध नसलेली पण जास्त महत्त्वाची गोष्ट: कॅल्शियम आणि थायरॉइडची गोळी एकत्र घेतली तर थायरॉइडची गोळी अंगाला नीट लागत नाही. दोहोंत साधारण चार तासांचे अंतर ठेवायला सांगतात. तुम्हाला हे सांगितले होते का, ते डॉक्टरांना जरूर विचारा.

गुडघ्यांची पावडर सगळ्यांत महाग, २,१०० रुपयांची. तिच्यात ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन आणि कोलॅजन आहे. पहिल्या दोहोंची मोठी अमेरिकी चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. एकूण रुग्णांत ही औषधे बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. दुखणे जास्त असलेल्या एका लहान गटात थोडा फरक दिसला, तो ठाम निष्कर्ष काढण्याजोगा नव्हता. पुढे २०१९ मध्ये तिथल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने गुडघ्याच्या झिजेसाठी ग्लुकोसामाइन वापरू नका, असाच स्पष्ट सल्ला दिला. याच पैशांत महिन्याला दोन-तीनदा फिजिओथेरपिस्टकडे जाता येईल. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकून घेतलेत की ते कायमचे तुमचे.

केसांच्या बाटलीत बायोटिन आहे. बायोटिनची खरी कमतरता विरळाच, आणि ती नसताना केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. उलट जास्त मात्रेतल्या बायोटिनने रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये दिला होता. त्यात थायरॉइडच्या तपासण्याही येतात. तुमचा थायरॉइडचा डोस याच आकड्यांवर ठरतो, म्हणून ९०० रुपयांच्या या बाटलीची मला पैशांपेक्षा वेगळी काळजी वाटते. तपासणीआधी लॅबमध्ये सांगायला विसरू नका.

राहिली ११०० रुपयांची मल्टिव्हिटॅमिन. इथे मात्र थांबून विचार करायला हवा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकते, हे चांगले माहीत असलेले आहे, आणि थकवा हे त्याचे एक लक्षण. म्हणजे तुमच्या तक्रारींमागे खरी कमतरता असू शकते. पण या बाटलीत बी-१२ आहे रोजच्या गरजेपुरते, एक-दोन मायक्रोग्रॅम. कमतरता निघालीच तर डॉक्टर औषध म्हणून कित्येक पट मोठी मात्रा देतात, कधी इंजेक्शनही. म्हणजे कमतरता नसेल तर ही बाटली नको, आणि असेल तर ती पुरायची नाही.

या मालाची किंमत एवढी का असू शकते, तेही समजून घ्या. या बाटल्यांवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा नियामकाचा, १४ अंकी परवाना क्रमांक आहे आणि "औषधी वापरासाठी नाही" असेही छापले आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हे अन्न आहे. औषधावर औषध-उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांना सरकार कमाल किंमत ठरवून देते आणि यादीबाहेरच्यांनाही वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढ करता येत नाही. अन्नाच्या बाटलीला यातले काही लागू नाही. एमआरपी कंपनीच ठरवते, मग त्यावरची सूटही तीच ठरवते. क्रमांक असणे म्हणजे कंपनीकडे परवाना असणे, गुण येतो हे कुणी तपासलेले असणे नव्हे. लेबलावरचे "फार्मा ग्रेड" हे कंपनीने केलेले वर्णन आहे. दर्जाची खात्री हवी असेल तर तुमच्या बाटलीवरच्या बॅच क्रमांकाचा, एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल मागा. परवाना क्रमांक एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. शंका आलीच तर बांबोळीला अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय आहे, आपल्या राज्यात दोन्ही तेच बघते.

डॉक्टरांबद्दल मन कलुषित करून घेऊ नका. रुग्णाचे शोषण होत नसेल तर डॉक्टरांनी स्वतः औषध पुरवणे अनैतिक नाही, असे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत म्हटले आहे. पण सल्ला देणारा आणि विकणारा एकच, आणि माल दुसरीकडे मिळत नाही, म्हटल्यावर भाव पडताळायची सोयच उरत नाही. ती तुम्ही करून घ्यायची. शांतपणे म्हणा, "डॉक्टर, यातले मला कशाची कमतरता आहे ते तपासून घेऊ या. जे लागेल त्याच्या घटकाचे नाव, मात्रा आणि किती महिने घ्यायचे ते चिठ्ठीवर लिहून द्या, मी बाहेरून आणीन." इतक्या वर्षांच्या फॅमिली डॉक्टरांना यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. ते लिहून देतील तर उत्तमच. चिठ्ठी द्यायचीच नाही म्हणाले, तर गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा दुसऱ्या फिजिशियनकडे एकदा दाखवा.

मेडिक्लेमचे सांगतो, कारण खरे मोठे नुकसान तिथे आहे. दीनदयाळ योजनेत चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांपर्यंत संरक्षण आहे, तेही ठरवून दिलेल्या उपचारांसाठी. ते असू द्या, पण त्याच्या भरवशावर पॉलिसी सोडू नका. तुम्हाला मधुमेह आहे. पॉलिसी खंडित झाली की आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते, ती तीन वर्षांपर्यंतची असते, आणि पन्नाशीत नवी पॉलिसी कंपनी देईलच असे नाही. सलग पाच वर्षे झाली की फसवणूक सोडून इतर कारणावरून कंपनीला माहिती लपवल्याचा वाद घालता येत नाही, हाही हक्क खंड पडला की हातचा जातो. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, तेव्हा हप्ता थोडा हलकाही झाला असेल. नूतनीकरणाची तारीख बघून ठेवा. ती चुकली तर वार्षिक हप्ता भरायला आणखी ३० दिवसांची मुदत मिळते, पण त्या दिवसांतल्या आजारपणाचे पैसे मिळतील असे धरून चालू नका.

एसआयपीचे थोडक्यात. वर्षभर थांबवलीत तर ६०,००० गुंतवायचे राहतील. हिशेबापुरते दरसाल १० टक्के धरले, तर मिस्टर निवृत्त होईपर्यंतच्या पुढच्या सात वर्षांत त्याचे १ लाख १७ हजारांच्या आसपास झाले असते.

या महिन्यात बी-१२, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि तीन महिन्यांची सरासरी साखर एवढे तपासून घ्या. खाजगी लॅबमध्ये केले तरी एका महिन्याच्या बाटल्यांपेक्षा कमीच पडेल. त्यातून जे लागेल ते महिन्यामहिन्याने घ्या, घरखर्चातून १,५०० रुपयांची मर्यादा घाला आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. तपासणीची पावती जपून ठेवा. मिस्टर जुन्या करपद्धतीत असतील तर प्रतिबंधात्मक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत आरोग्य विम्याच्या वजावटीत धरता येतात. बाटल्यांचे बिल त्यात बसत नाही.