१९६९ ची शेव्हरोले कॅमेरो झेड/२८ घेतोय, खरी आहे की बनवलेली हे व्हीआयएनवरून कसं ओळखायचं?

व्हीआयएनवरून, म्हणजे गाडीच्या ओळख-नंबरावरून, नाही ओळखता येत. सेलर 'नंबर्स मॅचिंग' (इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळतो) म्हणतोय आणि ६८ हजार डॉलर मागतोय असं तुम्ही लिहिलंय म्हणून हात शिवशिवले, नाहीतर मी इथे फक्त वाचतो.

त्या काळचा नंबर १३ आकडी. १२४३७ ने सुरू झाला तर व्ही-८ कूपे, १२३३७ असेल तर गाडी जन्माने सहा सिलिंडरची, चहा पिऊन परत या. पुढचा ९ म्हणजे साल, मग एन म्हणजे ओहायोतलं नॉरवुड नाहीतर एल म्हणजे कॅलिफोर्नियातलं व्हॅन नाइज. झेड/२८ हे ऑप्शन पॅकेज होतं, त्याचा नंबरात मागमूस नाही. म्हणूनच बनवणाऱ्यांचं फावतं. त्या वर्षी २०,३०२ निघाल्या, आज विकायला किती 'आहेत' ते विचारू नका.

आता माझं ऐका. मी मिशिगनमध्ये टूलरूमला आहे, वडील पिंपरीला टूलरूममध्येच होते, म्हणजे सरफेस बघून तो कुठल्या मशीनवर झालाय हे ओळखण्याचं बाळकडूच मिळालेलं. आणि तरी मी ५४ हजाराला फसलो. ओहायोतल्या एका डीलरकडे गाडी होती, निळी, पांढरे पट्टे, माझ्यासोबत आमचे साडू. मी सगळं बघितलं हो. हीटरच्या डब्यामागे फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) आणि वायपरखालच्या काऊलच्या पत्र्याखाली नंबराचा लपवलेला भाग असतो, तो जुळला. काऊल टॅगवर (बॉडीची माहिती ठोकलेली कारखान्याची पट्टी) एक्स३३, म्हणजे झेड/२८. मागचा अ‍ॅक्सल १२ बोल्टचा, पाटे पाच पानांचे, एसी नाही, चार गिअर मॅन्युअल (झेड/२८ ला एसी आणि ऑटोमॅटिक मिळायचंच नाही, कोणी 'फॅक्टरी एसी' दाखवला तर हसा). मग इंजिनचा पॅड, म्हणजे नंबर ठोकायची सपाट जागा, पॅसेंजर बाजूच्या हेडच्या पुढे, अल्टरनेटरच्या आडोशाला. त्यावर व्ही०३०५डीझेड, म्हणजे फ्लिंटला ५ मार्चला जोडलेलं, डीझेड म्हणजे ३०२ क्युबिक इंचवालं, शेजारी गाडीचाच नंबर. टॅगवर ०३बी, मार्चचा दुसरा आठवडा. सगळं कसं घड्याळासारखं.

मी म्हटलं आता ब्लॉकच्या मागच्या कडेची कास्टिंग डेट, म्हणजे ब्लॉक ओतल्याची तारीख, तेवढी बघू, फायरवॉलला खेटून असते, आरसा आणि टॉर्च लागते, दहा मिनिटांचं काम. तर साडू म्हणाले, "अरे, मुलगी बघायला आलायस की एक्स-रे काढायला? एवढी फाइल आहे ना कागदांची!" डीलर हसला, मी पण हसलो, आणि आरसा खिशात राहिला.

दोन वर्षांनी क्लच बदलायला इंजिन बाहेर काढलं. मागे ओतीव अक्षरात ई २१ ९. ए जानेवारी, बी फेब्रुवारी असं मोजत या, ई म्हणजे मे. २१ मे ला ओतलेला ब्लॉक ५ मार्चला जोडून तयार! बारसं आधी आणि बाळंतपण नंतर. मग पॅडवर लूप (भिंग) धरली. फॅक्टरीत डेक, म्हणजे ब्लॉकचा वरचा सपाट भाग, ब्रोच व्हायचा (दात्यांच्या हत्याराने सरळ तासला जायचा), त्यामुळे पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक सरळ रेघा राहतात आणि शिक्का त्यांच्यावर बसतो. माझ्या पॅडवर त्या रेघाच नव्हत्या, आडव्यातिडव्या बेल्ट-सँडरच्या ओरखड्यांवर नवे आकडे. जुना नंबर घासून नवा ठोकलेला. बहुतेक साध्या ३५० चा ब्लॉक असणार, बोअर दोन्हीचा ४ इंचच, फरक क्रँकचा, ३०२ चा स्ट्रोक ३ इंच आणि ३५० चा ३.४८. जे मी रोज ऑफिसात दुसऱ्याच्या जॉबवर पकडतो ते स्वतःच्या पैशांच्या वेळी आकडे वाचण्याच्या नादात बघितलंच नाही.

म्हणून 'नंबर्स मॅचिंग' ऐकलं की माझं डोकं फिरतं. नंबर जुळतात म्हणजे कोणीतरी जुळवले असंही असू शकतं. कागदांचं तेच, वॉरंटीची धातूची पट्टी काय, काऊल टॅग काय, सगळं नवं बनवून मिळतं. पाँटिअ‍ॅक असती तर पीएचएसकडून (पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) फॅक्टरी बिलाची नक्कल मागवता आली असती, १९६७ पासूनच्या फोर्डला मार्टी रिपोर्ट (फॅक्टरी नोंदींवरून काढलेला अहवाल) आहे. शेव्हरोलेचं अमेरिकेत तसं काही नाही, गाडी कॅनडात विकली गेली असेल तरच जीएम कॅनडाकडे नोंद सापडते. तेव्हा आधी लोखंड बघा, मग फाइल उघडा. आमच्याकडे दर गणपतीला साडू चारचौघांत म्हणतात, "तू टूलरूमवाला, तुला दिसायला नको?" बरोबर आहे, दिसायला हवं होतं. पण आरसा खिशात कोणी ठेवायला लावला? गाडी बघायला जाताना घाई करणारा नातेवाईक नेऊ नका, एकटे जा, नाहीतर पैसे देऊन अप्रेझर, म्हणजे गाडी तपासून किंमत सांगणारा माणूस, न्या.

हां, एक राहिलं. पॅड कोरा दिसला म्हणजे चोरीच असं नाही, वॉरंटीत बदललेल्या ब्लॉकवर गाडीचा नंबर नसायचा आणि रिबिल्ड करताना डेक मशीन केला की शिक्का आपोआप जातो. एक्स कोड व्हॅन नाइजच्या आणि सुरुवातीच्या नॉरवुडच्या टॅगवर नसतोच. आणि क्लोन (साध्या गाडीची झेड/२८ सारखी बनवलेली नक्कल) म्हणून सांगून क्लोनच्या भावात देत असेल तर खुशाल घ्या, माझी गाडी तरी कुठे विकलीय मी, ऑगस्टमध्ये वुडवर्डला ड्रीम क्रूझला, जुन्या गाड्यांच्या फेरीला, नेतोच की. कोणी विचारलं तर सांगतो, बॉडी खरी, इंजिन ठोकलेलं.

तुम्ही सेलरकडून पॅडचा आणि मागच्या कास्टिंग डेटचा जवळून काढलेला फोटो मागवा, तेल-मळ आहे तसा. 'थांबा, जरा घासून साफ करून पाठवतो' म्हणाला तर म्हणा, घासू नको बाबा, मीच येतो.