बेळगावात घरामागच्या परड्यात संत्री येतील का? बियांची रोपं लावू की कलम आणू?

तुम्ही लिहिलंय की घरामागे २० बाय १५ फूट जागा आहे, बाजारातल्या संत्र्यांच्या बियांची पाच रोपं हातभर झालीत आणि ती न्हाणीच्या पाण्यावर लावायचा विचार आहे. मी खानापूर तालुक्यात राहते. संत्री आपल्याकडे येतात, पण न्हाणीच्या पाण्यावर नाही, हे आधी सांगते.

माझं पहिलं झाड असंच गेलं. केळ आणि अळू त्या पाण्यावर माजतात, म्हणून संत्र्यालाही तिथंच जागा दिली. तिसऱ्या पावसाळ्यात बुंध्यातून मधासारखा डिंक ओघळायला लागला, साल काळी पडून सुटली, दिवाळीपर्यंत झाड वाळलं. उपटून बघितलं तर बारीक मुळांची साल चिमटीत सुटून येत होती. याला डिंक्या म्हणतात. बुंध्याशी सतत ओल राहिली की मातीतली फायटोप्थोरा ही बुरशी सालीत शिरते. खानापूरकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. त्यात वर्षभर न्हाणीची ओल म्हणजे त्या झाडाला मुळं सुकवायला एक महिनाही मिळाला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरं झाड उंचवट्यावर लावलं. मे महिन्यात २ फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा काढून उन्हात तापू दिला. मग वरची माती, दोन-तीन बुट्ट्या चांगलं कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळून जमिनीच्या वर फूटभर ढीग येईल असं भरलं. संत्र्याची लागवड जून-जुलैत करतात, पण आमच्याकडे तेव्हा धो धो पाऊस असतो, म्हणून मी गणपतीच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावर लावते. माझ्या थोरल्या बहिणीकडे निपाणीला काळी माती आहे, पावसाळ्यात ती चिकटून बसते. तिथं ढीग दीड-दोन फूट करावा लागला. पाण्यासाठी दुहेरी आळं करा: बुंध्याभोवती मातीचा उंच गोल आणि पाणी त्याच्या बाहेरच्या चरात. पाणी बुंध्याला लागता कामा नये.

आता तुमची रोपं. संत्र्याच्या एका बीतून बऱ्याचदा दोन-तीन रोपं निघतात आणि त्यातली बरीचशी आईसारखीच असतात, त्यामुळे ती वाया गेली असं नाही. पण त्यांना काटे फार आणि फळ धरायला सात-आठ वर्षं जातात. डोळा भरलेलं कलम, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या खुंटावर (मुळांसकट खालच्या भागावर) संत्र्याचा डोळा बसवून केलेलं, चौथ्या-पाचव्या वर्षी धरतं. कलम नागपुरी संत्र्याचं, जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरलेलं घ्या. लावताना कलमाचा जोड मातीच्या वर निदान सहा ते नऊ इंच राहिला पाहिजे. जोडाच्या खालून फुटलेला प्रत्येक फुटवा लहान असतानाच मोडा. आमच्या शेजाऱ्यांनी तो वाढू दिला, वरचं संत्रं मागे पडलं आणि खुंटच झाड होऊन बसला. फळं धरली तीही खुंटाचीच, आंबट.

पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावा. १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या बादलीत विरघळवून मग एकत्र करायचं, लोखंडी भांडं नको. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, ती लिंबावरच्या फुलपाखराची. एक-दोन झाडांना औषध कशाला, सकाळी हाताने वेचा.

झाड चार वर्षांचं झालं की डिसेंबरात पाणी तोडून ताण द्या. आपल्या तांबड्या हलक्या मातीत तीन आठवडे पुरतात, काळ्या मातीत महिना-दीड महिना लागतो. मग खत घालून पाणी सोडलं की जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं. हा आंबिया बहार, त्याची फळं दिवाळीच्या पुढे मागे तयार होतात. साल थोडी हिरवी राहिली तरी घाबरू नका, रंग रात्रीच्या थंडीनं चढतो. एखादं फळ सोलून चव बघून मगच बाकीची काढा.

संत्र्याच्या बागेत दोन झाडांत २० फूट ठेवतात, त्यामुळे तुमच्या जागेत एकच झाड बसेल. भिंतीपासून सात-आठ फूट सोडून, न्हाणीच्या उलट्या कोपऱ्यात लावा. पाच रोपांतलं जोमदार एक मोठ्या कुंडीत ठेवा, बाकीची शेताचा बांध असलेल्या कुणाला तरी द्या.