‘रोमा’ हा सिनेमा खरंच दिग्दर्शकाच्या लहानपणावर आहे का?

हो, बऱ्याच अंशी. आल्फोन्सो क्वारोनचं बालपण मेक्सिको सिटीच्या रोमा वस्तीत गेलं, आणि २०१८ च्या या सिनेमातली क्लेओ म्हणजे त्याला लहानपणी सांभाळणारी लिबो. हे त्याने मुलाखतींत अनेकदा सांगितलंय. सिनेमाही शेवटी तिलाच अर्पण केलाय. सेटसाठी त्याने नातेवाइकांकडे विखुरलेलं घरचं जुनं फर्निचर गोळा करून आणलं होतं. बापाची भलीमोठी गाडी कुत्र्याच्या घाणीवरून त्या अरुंद बोळात इंचाइंचाने आत शिरते, तो प्रसंग नीट बघा. असलं काही टेबलावर बसून सुचत नाही, असं आपलं माझं मत.

फक्त याला आत्मचरित्र समजू नका. नावं बदललेली आहेत आणि कॅमेरा पोरांबरोबर नाही, तर क्लेओबरोबर फिरतो. त्यामुळे पोरांमधला क्वारोन कोणता, हे शोधण्यात फारसा अर्थ नाही. पाळणा घ्यायला गेलेल्या दुकानाच्या खिडकीतून दिसणारं विद्यार्थ्यांचं हत्याकांड मात्र इतिहासातलंच आहे, १० जून १९७१ चं.