भूगोलात बी.एससी. करून अंतराळ कंपनीत उपग्रह-डेटा विश्लेषक होता येईल का?

तुम्ही लिहिलंय की भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला आहात, करमाळा तालुक्यात उजनीच्या बॅकवॉटरलगत घरची शेती आहे, इंजिनिअरिंगची पदवी नाही आणि पायथन नुकतंच शिकायला घेतलंय. अशा स्थितीत अंतराळ कंपनीत विश्लेषकाची नोकरी मिळेल का आणि कोणता कोर्स करावा, असं विचारलंत. नोकरी मिळू शकते. कोर्सचं नंतर सांगतो, कारण या कामात माणूस कशावर टिकतो ते आधी कळायला हवं. मी बेंगळुरूमध्ये याच क्षेत्रात आहे आणि माझं बहुतेक काम पिकांवर चालतं, म्हणून उदाहरणंही तिथलीच देतो.

उपग्रहाकडून आपल्याला आकडे मिळतात. सेंटिनेल-2 हा युरोपचा उपग्रह 13 बँडमध्ये, म्हणजे तरंगलांबीच्या 13 पट्ट्यांत, परावर्तित प्रकाश मोजतो, जोडीतले दोन उपग्रह मिळून साधारण दर 5 दिवसांनी एकाच जागेवरून जातात, आणि हा डेटा कुणालाही फुकट मिळतो. त्याचा लाल आणि निअर-इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश) बँडचा पिक्सेल, प्रतिमेतला सगळ्यात लहान चौकोन, 10 मीटर बाजूचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एक एकराच्या चौकोनी रानात जेमतेम चाळीस पिक्सेल बसतात. त्यातले निम्मे कडेचे, ज्यांच्यात बांध, पाट, बांधावरची झाडं आणि शेजाऱ्याचं पीक मिसळलेलं असतं. मोठमोठ्या शेतांवर उत्तम चालणारं, पीक ओळखणारं संगणकी मॉडेल आपल्या तुकड्यांवर आणलं की ढेपाळतं, त्याचं एक मोठं कारण हे.

आता ऊस घ्या. हिरवेपणाचा निर्देशांक, एनडीव्हीआय (निअर-इन्फ्रारेड आणि लाल बँडची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज), काढणं दोन ओळींचं काम आहे. पण एकाच शिवारात जुलै-ऑगस्टची आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीची सुरू लागण आणि शेजारी खोडवा (तोडीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस) उभा असतो. कोणत्याही एका तारखेची प्रतिमा घेतली तर त्यात ऊस चार वेगवेगळ्या रूपांत दिसतो. शिवाय उसाची पानं मिटून सरी झाकली की एनडीव्हीआय वरच्या टोकाला चिकटून बसतो, मग पीक आणखी वाढलं तरी आकडा फारसा हलत नाही. तुमच्याकडची केळीही वर्षभर हिरवीच. म्हणून वर्ष-दीड वर्षाचा आलेख बघावा लागतो: लागण कधी, वाढ कधी, तोड कधी, तोडीनंतर फुटवा आला की रान मोकळं झालं. हा आलेख वाचायला ऊस माहीत असावा लागतो, आणि तो तुम्हाला घरूनच माहीत आहे. भूगोलवाल्यांना आणि शेतकऱ्यांच्या मुलांना ही आपली बाजू मोठी आहे हे कुणी सांगत नाही, म्हणून मी ठासून सांगतोय.

पावसाळ्यात ढग. खरिपाचे ऐन महिने प्रकाशाच्या प्रतिमा आठवडेच्या आठवडे निरुपयोगी होतात, तेव्हा रडार लागतं. सेंटिनेल-1 या युरोपच्याच उपग्रहाचं सी-बँड रडार ढगातून जमीन पाहतं (सी, एस, एल ही रडारच्या वाढत्या तरंगलांबीची नावं). 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या उपग्रहावर नासाचं एल-बँड आणि इस्रोचं एस-बँड अशी दोन रडार आहेत. तरंगलांबी जास्त असल्यामुळे ती पानांच्या थरातून आणखी खोल जातात. रडार शिकायला जड जातं, पण आजपासून लागा. ते नीट येणारी माणसं कमी आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे आकड्यावर संशय घेण्याची सवय. 25 जानेवारी 2022 पासून सेंटिनेल-2 च्या प्रक्रियेत बदल झाला आणि प्रत्येक पिक्सेलच्या किमतीत 1000 मिळवलेले येऊ लागले. ते वजा न करता एनडीव्हीआय काढला तर छेद फुगतो आणि निर्देशांक खाली येतो. पीक जसंच्या तसं उभं, आणि आलेख म्हणतो हिरवळ घटली. अशा वेळी ‘दुष्काळाचा परिणाम’ असं लिहून मोकळं व्हायचं नाही. शेजारच्या माळावर, रस्त्यावर, धरणाच्या पाण्यावरही पिक्सेलच्या किमती तशाच वाढल्यात का, हे आधी बघायचं.

हे मी इतकं लावून धरतो, कारण या आकड्यांवर आता माणसांचे पैसे ठरतात. 2023 च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजनेत भात आणि गव्हाच्या उत्पादनाच्या अंदाजात उपग्रह-डेटासारख्या तंत्रज्ञानावर आधारित अंदाजाला किमान 30 टक्के वजन दिलं गेलं. आपला पिक्सेल चुकला तर कुणाची तरी भरपाई चुकते. शेतावर न जाता हे काम करणाऱ्याबद्दल मला चिंता वाटते.

त्यामुळे माझा सल्ला असा की एकच प्रकल्प करा, तोही तुमच्याच तालुक्यात: एका हंगामाचा ऊस-केळीचा नकाशा. गावोगाव हिंडून बिंदू, म्हणजे कोणत्या जागी काय आहे याच्या नोंदी, गोळा करा. रस्त्यावरून नोंद घेतली तर बिंदू रस्त्यावरच पडतो. रानाच्या मध्यात उभं राहा, पीक, लागणीचा महिना, जात लिहा, फोटो काढा. रान नसलेल्या जागाही नोंदवा: वेडी बाभळ, गायरान, पाणथळ. मग मॉडेल शिकवताना काही गावं पूर्ण बाजूला ठेवा आणि फक्त त्यांच्यावर तपासा. एकाच रानातले काही पिक्सेल शिकवायला आणि काही तपासायला घेतले तर अचूकता भरमसाट दिसते. तिला अर्थ नसतो. आधी क्यूजीआयएस (नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर), मग गूगल अर्थ इंजिन (उपग्रह-डेटा ऑनलाइन हाताळायची सोय), मग पायथनमध्ये प्रतिमांसाठी रास्टेरिओ आणि नकाशांसाठी जिओपांडाज ही लायब्ररी. संख्याशास्त्र पक्कं करा. डीप लर्निंग त्यानंतर.

शिक्षणाचं थोडक्यात. देहरादूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था फुकट ऑनलाइन कोर्स चालवते, तिथून सुरुवात करा. पुढे जिओइन्फर्मॅटिक्समध्ये (नकाशे आणि उपग्रह-डेटा संगणकावर हाताळण्याचं शास्त्र) एम.एस्सी. करा, पुण्यात सिम्बायोसिसमध्ये आहे. एम.टेक. हवं असेल तर 2022 पासून गेटमध्ये जिओमॅटिक्सचा स्वतंत्र पेपर आहे, आणि आयआयटी मुंबईचं सीएसआरई हे केंद्र या विषयातलं जुनं नाव. हजारो रुपये मागणाऱ्या ‘स्पेस ॲनालिस्ट’ प्रमाणपत्रांवर घरचे पैसे घालू नका.

कंपन्यांमध्ये पिक्सेल (Pixxel) या नावाच्या कंपनीसारखी स्वतःचे उपग्रह सोडणारी आहे (त्यांचे पहिले हायपरस्पेक्ट्रल, म्हणजे शेकडो अरुंद बँड मोजणारे, ‘फायरफ्लाय’ उपग्रह जानेवारी 2025 मध्ये गेले), तर सॅटशुअरसारखी बँका आणि शेतीसाठी विश्लेषण करणारी आहे. उपग्रह बनवणाऱ्या विभागात इंजिनिअरच लागतात. विश्लेषणाच्या विभागात तुमच्यासारख्यांना खरी जागा आहे. हैदराबादचं एनआरएससी (इस्रोचं सुदूर संवेदन केंद्र) आणि नागपूरचं एमआरएसएसी (महाराष्ट्राचं सुदूर संवेदन केंद्र) यांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा. तिथल्या कामाचा अनुभव खाजगी कंपन्यांत मानला जातो.

मुलाखतीत मी उमेदवाराला त्याचाच नकाशा उघडायला लावतो आणि विचारतो, हा कुठे चुकतो आणि का. कोवळी केळी आणि खोडवा कोणत्या महिन्यात एकसारखे दिसले, काठावरच्या गाळपेरात (धरणाचं पाणी ओसरल्यावर केलेल्या पेरणीत) काय गोंधळ झाला, हे ज्याला सांगता येतं त्याची पदवी मी नंतर बघतो. म्हणून चुकांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. आडसालीची लागण जुलैत सुरू होते. त्याआधी मोबाइलवर क्यूफील्ड हे शेतात नोंदी घ्यायचं ॲप टाका, गावाचा नकाशा त्यात भरा आणि आपल्याच रानापासून बिंदू घ्यायला लागा. अडलात तर इथेच खाली विचारा, मी उत्तर देईन.