शेतीत नवीन आहात? आधी पाण्याकडे बघा

घाबरू नका, पण सगळं एकदम करायलाही जाऊ नका. हवा १ अंश सेल्सिअसने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते. म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा धो धो, आणि मधली उघडीप लांबते. सुरुवातीला इतकंच:

- पर्जन्यमापक लावा, वहीत रोज नोंद करा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी!
- पहिल्या सरीवर पेरू नका. ओल वीतभर खाली गेलीय का, उकरून पाहा. मी फसलोय, दुबार पेरणीचा खर्च डोळ्यांत पाणी आणतो.
- उघडी जमीन पाचटाने (उसाच्या वाळलेल्या पाल्याने) झाका.
- विहिरीची पातळी मोजा, मगच पीक ठरवा.

नवे लोक आधी बोअर पाडतात, पाणी जिरवायचं राहूनच जातं. ठिबकचं वेळापत्रक वगैरे पुढच्या हंगामात बघू.