वाचकांचे प्रश्न : क्रिस्टल बदलू का?

प्रश्न : मामांनी पूर्वी कुवेतहून आणलेला ४८ के झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना घरगुती संगणक माळ्यावर सापडला आणि चक्क चालू झाला. पण त्याच्या बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत साइन वेव्ह काढायला फार रेंगाळतो. दुरुस्तीवाला म्हणतो, यंत्राचा ठोका ठरवणारा १४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल काढून १६चा घालू, प्रोसेसरवर हीट सिंक चिकटवू. करू का? प्रोसेसर जळेल का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : प्रोसेसर जळणार नाही. तरीही क्रिस्टलला हात लावू देऊ नका.

१९८२च्या या यंत्रात झेड८०ए प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याची मर्यादा ४ मेगाहर्ट्झ, आणि प्रोसेसरला क्रिस्टलच्या चौथ्या हिश्शाचा वेग मिळतो, म्हणून १६चा घातलात की बरोबर ४च होतात. म्हणजे हीट सिंकचीही गरज नाही. अडचण टीव्हीची आहे. त्या एकाच क्रिस्टलवरून यूएलए नावाची चिप प्रोसेसरचा ठोका काढते आणि पडद्यावरच्या रेषाही आखते. टीव्हीला सेकंदाला १५,६२५ रेषा हव्यात. तुम्ही पाठवणार जवळजवळ १७,८५०. चित्र फाटेल किंवा दिसणारच नाही. आणि एवढं करून मिळणार काय, तर १४ टक्के वेग.

फक्त प्रोसेसरला ७ मेगाहर्ट्झ देणारे जोडकाम करता येते, पण मग ४च्या वर चालणारा प्रोसेसर लागतो, आणि रॉम (यंत्राचा कायमचा प्रोग्रॅम असलेली चिप) आणि वरची ३२ के मेमरीही तेवढी चपळ लागते. रॉममधला कॅसेट वाचणारा भाग ठोके मोजून चालतो, म्हणून कॅसेट लोड करताना पुन्हा ३.५वर यावे लागते. त्यासाठी बटण हवे. बीपचा सूरही एक सप्तक वर चढतो. झेड८० बनवणाऱ्या झायलॉग कंपनीने २०२४मध्ये या प्रोसेसरच्या ऑर्डरी घेणे थांबवले. तेव्हापासून वरचा छापील आकडा पुसून जास्त वेगाचा आकडा छापलेल्या चिप्सपासून अधिकच जपायला हवे.

मला विचाराल तर वेग प्रोग्रॅममध्ये शोधा. फोंड्यात मी विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो तेव्हाही सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी प्रोग्रॅमचा कागद मागायचो. तुमचे यंत्र प्रत्येक बिंदूसाठी साइन नव्याने काढते, आणि सगळा वेळ तिथेच जातो. पूर्ण लाटेत पाव लाटच चार वेळा येते. म्हणून लूप १ ते ६४ एवढाच चालवा, ८० गुणिले साइन एकदाच काढून वाय या नावात ठेवा, आणि त्याच वायवर चार बिंदू टाका : एक्स आणि १२८ वजा एक्स या ठिकाणी ८८ अधिक वाय, १२८ अधिक एक्स आणि २५६ वजा एक्स या ठिकाणी ८८ वजा वाय. लूप शून्यापासून सुरू करू नका, २५६ हा आकडा पडद्याबाहेर जातो आणि प्रोग्रॅम तिथेच थांबतो. शून्य आणि १२८ इथले दोन बिंदू वेगळे टाका. साइनची मोजणी चौथ्या हिश्शावर येते, तीही टाचणी न हलवता. वर्ग हवा असेल तेव्हाही घातचिन्ह वापरू नका, एक्स गुणिले एक्स लिहा. घातचिन्हासाठी रॉम लॉगॅरिदम काढत बसते.

माळ्यावर इतकी वर्षे आपल्या दमट, खाऱ्या हवेत राहिलेल्या यंत्राला खरी काळजी दुसरीकडे लागते. मागच्या एज कनेक्टरवर हिरवा कळंक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने काढा. व्होल्टेज ५वर स्थिर ठेवणारा आतला ७८०५ रेग्युलेटर हात भाजेल इतका तापतो, त्याची धातूची पट्टी घट्ट आहे ना पाहा. खालच्या १६ के मेमरीच्या चिप्सना १२ आणि ५ व्होल्टबरोबर उणे ५ व्होल्टही लागतात. ते नाहीसे झाले तर त्या चिप्स मरतात, म्हणून मीटरवर तपासून घ्या. अडॅप्टर ९ व्होल्टचा, पण मधली पिन ऋण. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरची मधली पिन धन असते, तेव्हा मीटर लावून पाहिल्याशिवाय प्लग घालू नका.