महामारीमुळं रोजचं जगणं, काम आणि प्रवास यांत काय बदललं, आणि त्यातलं आज काय टिकून आहे?

मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात आमचं धातूचे सुटे भाग बनवायचं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग. माझा अनुभव असा की भीतीपोटी लागलेल्या सवयी वर्ष-दीड वर्षात गेल्या. ज्यांनी वेळ वाचला त्या राहिल्या. आणि काही जुन्या सवयी कायमच्या तुटल्या, त्यांचं मला जास्त वाईट वाटतं.

आधी कामाचं सांगतो. मार्च २०२० पर्यंत नव्या जॉबचा पहिला नग तयार झाला की पिशवीत घालून मी स्वतः पुण्याला गिऱ्हाइकाकडं जायचो. पहाटेची एसटी धरायची, रात्री परत. महिन्यातनं तीन फेऱ्या ठरलेल्या. टाळेबंदीनंतर शटर उघडलं, पण जिल्ह्याबाहेर जायला पास लागत होता. मग त्यांच्या क्वालिटीच्या साहेबांनी व्हिडिओ कॉलवरच नग तपासायचं ठरवलं. पोरानं फोन धरला, मी मायक्रोमीटर, म्हणजे जाडी बारकाईनं मोजायचं साधन, नगाला लावला. तेलकट बोटांनी त्यावरच्या मापाच्या रेघा झाकल्या होत्या. ‘जरा उजेडात घ्या’ म्हणाले. वेस्टनं, म्हणजे पुसायच्या सुताच्या गुंत्यानं, पुसून दारात उन्हात आलो, माप नेमकं बसावं म्हणून टोकाचा रॅचेट तीनदा वाजवला, आकडा दिसला. दहा मिनिटांत पुण्याची फेरी वाचली.

आजही तसंच चालतं. नग कुरिअरनं जातो, मी वर्षातनं चार-पाच वेळाच जातो. मात्र त्यांच्या शॉपमधनं फिरताना ‘हे पण करून द्याल का?’ म्हणून जे दुसरं काम हाताला लागायचं, ते फोनवर लागत नाही. धंद्यात नवीन असणाऱ्यांनी तरी पहिल्या वर्षी प्रत्यक्ष जावंच.

मुंबईचा प्रवास तर गाडीनंच बदलला. कोरोनात बंद झालेली कोल्हापूर-मुंबई सह्याद्री एक्सप्रेस नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली, ती पुण्यापर्यंतच. तोवर आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणांना रात्रीच्या ट्रॅव्हल्सची सवय लागली होती.

घरात वाण्याची यादी अजून व्हॉट्सॲपवरच जाते. कपिलतीर्थला भाजीवालीकडंही स्कॅन करून पैसे देतो. २०२१ च्या जूनमध्ये राज्यात इतरत्र दुकानं उघडली तरी आमच्याकडं रुग्ण कमी होईनात, निर्बंध लांबले, त्यावर जुलैत महापूर आला. एवढे दिवस गेल्यावर सवय मुरणारच.

तुटलेली सवय आईची. ती आणि गल्लीतल्या चौघी रोज पहाटे अंबाबाईला चालत जायच्या. मार्च २०२० ला देऊळ बंद झालं ते दिवाळी पाडव्याला उघडलं. पुढच्या वर्षी पुन्हा बंद, ते थेट घटस्थापनेला उघडलं. मधल्या काळात ती बंद महाद्वारासमोर उभी राहून बाहेरूनच हात जोडायची. देऊळ उघडलं तेव्हा त्या चौघींतल्या दोघी राहिल्या नव्हत्या. एकीचे गुडघे घरात बसून आखडले. चौथी लेकीकडं सांगलीला गेली.

आता शुक्रवारी मी आईला गाडीवरनं नेतो. पायरीला हात लावून ती आत जाते, आणि बाहेर आल्यावर ओटीचे खण-नारळ विकणारी बाई अजून विचारते, ‘आज पण एकट्याच?’